उन्हात उमटलेला पणतू

सरला पांढुर्ण्यात सून म्हणून आली तेव्हा तिच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घड्यांमध्ये एक काळा डबा कॅमेरा होता. सौंसरच्या माहेरी तिच्या भावाने, अनिलने, तो तिला दिला होता. अनिल नागपूरला सीताबर्डीवर एका फोटोवाल्याकडे कामाला होता. सुट्टीत घरी आला की तो बहिणीला फिल्म धुवायला शिकवायचा. लग्नात त्याने फिल्म धुवायच्या औषधांच्या पुड्याही बांधून दिल्या. सासरी पहिल्यांदा ती ट्रंक उघडली गेली तेव्हा सासूबाई, कलाबाई, पुड्या हुंगून म्हणाल्या, "हे काय वं, पापडखार आनला का माहेरून?"

पहिली फिल्म सरलाने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, रात्रीची झाकपाक झाल्यावर धुतली आणि सकाळी अंगणातल्या दोरीवर वाळत टाकली. दिवस कापूस वेचणीचे होते. समोरच्या अंगणात गाडी रिकामी होत होती आणि हवेत तंतू तरंगत होते. ते ओल्या फिल्मवर जाऊन बसले. फोटो छापले तेव्हा घरातल्या प्रत्येकाच्या तोंडावर पांढरे केस उगवलेले.

"माह्या ओठावर मिशी काढली पोरीनं," कलाबाई म्हणाल्या, आणि तो फोटो त्यांनी शेजारीपाजारी दाखवला.

दुसरी फिल्म वैशाखात धुतली. पाणी कोमट होतं. दुधावरची साय सरकावी तसा फिल्मवरचा थर सरकला आणि परातीच्या तळाशी गोळा झाला. त्यानंतर ती माठाचं पाणी वापरू लागली, त्यात तुरटी फिरवू लागली. तिसऱ्या फिल्मवर शेजारच्या वंदनावहिनींचं तान्हं बाळ आलं, पापण्यांसकट. आता गल्लीतली माणसं लेकरं घेऊन तिच्या दाराशी उभी राहू लागली. लग्नाला बरीच वर्षं होऊनही तिची स्वतःची कूस रिकामी होती. कलाबाई ते उघड बोलत नसत. एखाद्या दुपारी एवढंच म्हणत, "दुसऱ्याइच्या लेकराइचे फोटो काढून राहिली, बरं हाय."

त्या वर्षी, म्हणजे छप्पन साली, नवरात्र बसलं तेव्हा आजीसासू, देवकाबाई, अंथरुणावर होत्या.

देवकाबाईंना ताप होता आणि वय होतं. सकाळी त्या शुद्धीवर असत, चहा मागत, सुनेला टोचून बोलत. दिवस कलला की ताप चढे आणि मग त्या समोरच्या माणसाला, मेलेल्या कुणाच्या तरी नावाने हाक मारत. बहुतेक वेळा ते नाव रघुनाथरावांचं असे. रघुनाथराव म्हणजे त्यांचा मुलगा, कलाबाईंचा नवरा. तो त्यांच्या डोळ्यांदेखत गेला होता. रोजची शुद्धीची वेळ आक्रसत चालली होती. डॉक्टर नाडी पाहून बाहेर आले आणि गजाननला, सरलाच्या नवऱ्याला, म्हणाले की ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या.

ज्याला बोलवायचं होतं तो दोन महिन्यांचा होता आणि भोपाळला होता.

गजाननचा मोठा भाऊ रवींद्र नागपूरच्या सरकारी कचेरीत कारकून होता. नागपूर मुंबईच्या राज्यात जाणार आणि मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला होणार, हे ठरल्यावर जी माणसं आधी तिकडे पाठवली त्यांत तो गेला. मुलगा तिथेच झाला. त्याच्या बायकोला बाळंतपणानंतर उठवत नव्हतं, मूल अशक्त होतं, आणि नवं राज्य सुरू होईपर्यंत कोणाला रजा नव्हती.

"नागपूर दुसऱ्या राज्यात चाललं म्हने," देवकाबाई एका सकाळी म्हणाल्या. "रूळ तर उचलून नाही नेले ना कोनी? मंग माहा पणतू काहून येत नाही?"

उशाखालच्या डबीत त्यांनी सोन्याची फुलं ठेवली होती, नखाएवढी, रवींद्रच्या लग्नात घडवलेली. पणतूचं तोंड पाहायचं आणि त्याच्या नावाने ती फुलं डोक्यावरून उधळून घ्यायची. मग पुढची वाट मोकळी होते, असं त्या मानत. मुलगा आधी गेला, तेव्हापासून या एका गोष्टीसाठी त्या थांबल्या होत्या. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

आठव्या माळेच्या सकाळी गजानन स्टेशनवर गेला. रवींद्रच्या कचेरीतला एक माणूस इटारसीकडून येणाऱ्या गाडीने नागपूरला चालला होता. त्याने खिडकीतून एक पुडकं दिलं. त्यात फिल्मचं रीळ होतं. रवींद्रने कोणाचा तरी कॅमेरा मागून बाळाचे फोटो काढले होते, पण तिथे धुवून घ्यायला सवड नव्हती.

"तो माणूस म्हणाला, फार तेज फिल्म आहे, घरातल्या उजेडातही फोटो येतात," गजाननने रीळ सरलाच्या हातात ठेवत सांगितलं. "नागपूरला पाठवू का? दसऱ्यानंतर मिळतील."

सरलाने आतल्या खोलीकडे पाहिलं. देवकाबाई कलाबाईंना चहात साखर कमी का म्हणून विचारत होत्या. आवाज कालच्यापेक्षा बारीक होता.

"दसऱ्यापर्यंत आजी थांबायच्या नाहीत," ती म्हणाली. "आजच धुते. ताप चढायच्या आत."

दारात भैय्याजी आले होते. नवरात्रात रोज सप्तशती वाचायला ते यायचे. गजाननने त्यांनाच विचारलं, फोटोत पाहिलेलं तोंड पाहिलं म्हणून धरतात का.

भैय्याजींनी पायातल्या वहाणा काढता काढता विचार केला. "पोथीत फोटो नाही, बापा. कुठून असनार? पन देवाची आपन तसबीरच तर पुजतो. मी नाही म्हनत नाही आन हो बी म्हनत नाही. बुढीले पटलं तर पटलं."

पंचाईत होती ती अंधाराची. घर कवेलूचं, म्हणजे कौलारू. दिवसा प्रत्येक खोलीत फटींतून उन्हाच्या काड्या उतरत. रात्र होईपर्यंत थांबावं तर देवकाबाई कोणाला ओळखणार नव्हत्या. वर माळा असलेली, खिडकी नसलेली खोली एकच होती, ती देवघराची. आणि देवघरात घट बसलेला होता, त्याच्याजवळ अखंड दिवा होता. तो दिवा देवकाबाईंचा. लग्न होऊन आल्यापासून नवरात्रात तो त्यांनी एकदाही विझू दिला नव्हता. या वर्षी तेवढं काम त्यांनी कलाबाईंवर सोपवलं होतं. घट बसला की दिवा जागचा हलवायचा नसतो.

"देवघरात तुही ती औषधं?" कलाबाई म्हणाल्या. "वास घेतला का त्याचा? आन दिवा विझला तर? बुढी इकडं अशी पडून हाय, आन मी दिवा विझवू?"

"विझवायचा नाही, आत्याबाई. लाल कापड आडवं लावते. लाल उजेडानं फिल्मला काही होत नाही. मी रात्री लाल कंदिलावरच धुते की नाही?"

"तू धुते, मी थोडी पाहाले येतो."

"मग आज या. दिव्यापाशी तुम्हीच बसा. मला पदराची भीती वाटते."

कलाबाईंनी तेलाची वाटी भरली आणि हात धुतले.

सरलाने देवघरात आडवी दोरी बांधून तिच्यावर खारव्याचं जाड लाल कापड टाकलं. पलीकडे घट, दिवा आणि कलाबाई. अलीकडे ती आणि तीन थाळे, एकात चित्र उमटवणारं औषध, एकात तुरटीचं पाणी, एकात उमटलेलं पक्कं करणारा हायपो. माठातलं पाणी तिने हात घालून पाहिलं. गजाननने बाहेरून दार लावलं आणि फटीत गोणपाट कोंबलं. खोली लाल झाली. कापडावर कलाबाईंची सावली मोठी दिसत होती.

तिने रीळ उलगडलं, मागचा कागद वेगळा केला, फिल्मची दोन टोकं दोन हातांत धरली आणि तिचा झोका औषधात सोडला. एक हात वर, एक हात खाली. सूप पाखडताना जसा ठेका लागतो तसा तिच्या हातांना लागला. श्वासही त्याच चालीने येऊ लागला. बाहेरून देवकाबाईंचा खोकला ऐकू आला आणि थांबला. थांबल्यावर दोघींनीही कान दिला. मग पुन्हा खोकला आला.

"सरला," पडद्यापलीकडून कलाबाई म्हणाल्या, "वात बसून राहिली."

ज्योत खाली गेली होती. पडदा लालचा तपकिरी होत चालला होता.

"तेल घाला."

"तेल घालाले हात लांब करतो तर पडदा हालते. तुहं काही बिघडलं तं?"

"पडदा हलला तरी लालच आहे. घाला, आत्याबाई. काही होत नाही."

बांगडी नसलेला हात कापडावर सावलीसारखा पुढे सरकला. तेलाचा बारीक आवाज झाला. काडीने काजळी झाडली गेली. ज्योत एकदा पार बसली. खोलीत काही दिसेना. सरलाचे हात मात्र चालूच होते. पलीकडे कलाबाई काहीतरी पुटपुटत होत्या. मग ज्योत उसळली आणि पडदा पेटल्यासारखा लाल झाला. थाळा, तिची बोटं, बोटांमधली ओली पट्टी, सगळं लाल झालं.

"लागला," कलाबाई म्हणाल्या.

सरलाने हसून खाली पाहिलं. फिल्मवर काळेपणा येऊ लागला होता. आधी ठिपके, मग चौकोन, इथवर रोजच्यासारखं. पण तो थांबेना. चौकोनांमधली जागाही काळवंडायला लागली. एवढ्या लवकर तर कधी होत नाही. पाणी गरम झालं असेल, असं तिला वाटलं. तिने वेळ पुरी होण्याआधीच पट्टी तुरटीच्या पाण्यातून फिरवली आणि हायपोत टाकली. आता तिच्या हातांना ठेका राहिला नव्हता.

दार उघडल्यावर तिने फिल्म उजेडाकडे धरली. ती पट्टी काळी होती. टोकापासून टोकापर्यंत जळक्या पोळीसारखी काळी.

गजानन जवळ आला. "काय झालं?"

सरलाने पट्टी पुन्हा डोळ्यांजवळ नेली. पट्टीच्या दोन्ही टोकांना, जिथे तिने अंगठा आणि बोट दाबून धरलं होतं, तिथे काचेसारखे स्वच्छ डाग होते. बोटाखाली उजेड गेला नव्हता. बाकी सगळीकडे गेला होता. घरात एकच उजेड होता आणि तो लाल होता.

"तो माणूस काय म्हणाला होता? फिल्म कशी आहे?"

"तेज. घरातल्या उजेडातही..."

"हिला लालही दिसतं," सरला म्हणाली. "मी आजवर धुतलेल्या फिल्मांना दिसत नव्हतं. हिला दिसतं. मी विचारच केला नाही."

कलाबाई देवघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. तेल घाला, असं सरलानेच म्हटलं होतं. तरी त्या स्वतःच्या हाताकडे पाहत होत्या.

आतून हाक आली. "गजू, आला का रे माहा पणतू?"

"येऊन राहिला, आजी," गजानन म्हणाला, आणि त्याने बायकोकडे पाहिलं.

सरला पट्टी घेऊन अंगणात गेली आणि एकेक चौकोन सूर्यासमोर धरू लागली. काहीच नाही. पुढचा, काहीच नाही. मग अगदी शेवटचा आला, तिच्या डाव्या हाताजवळचा. तो पडद्यापासून लांब होता आणि बहुतेक वेळ तिच्या अंगाच्या सावलीत राहिला होता. त्याच्या काळेपणात आणखी थोडं काळं काहीतरी होतं. तिने डोळे बारीक केले. एक कपाळ. एक कान. मांडीवर धरलेलं, वर बघणारं काहीतरी.

"स्टोव्हचं स्पिरिट आणा," ती म्हणाली.

पट्टी तशीच वाळायची तर दिवस गेला असता. तिने तेवढा तुकडा कापला, स्पिरिटमध्ये पाणी घालून त्यातून काढला आणि हलक्या हाताने फुंकत वाळवला. अनिलने दिलेल्या कागदांतला एक कागद घेतला. हे कागद उन्हात छापायचे, त्यांना अंधार लागत नाही. भिंतीवरच्या तसबिरीची काच काढून तिच्याखाली फिल्म आणि कागद दाबले आणि अंगणात उरलेल्या उन्हात, तुळशीजवळ ठेवले. नेहमी तिचा फोटो चुलीवर भात शिजायच्या आत होई. आज काळ्या पट्टीतून ऊन पाझरतच नव्हतं. सावली पायरी उतरून अंगणात आली. सरला काच पुढे सरकवत राहिली, सावलीच्या पुढे, पुन्हा पुढे.

गजानन तिच्याजवळ येऊन बसला. तो हळू बोलत होता.

"वंदनावहिनींच्या बाळाचा फोटो आहे ना आपल्याकडे? चांगला स्वच्छ आहे."

तिने काच आणखी पुढे सरकवली.

"आजीला काय कळणार आहे, सरला. तिचे डोळे अधू. लेकरूच तर पाहायचं आहे. समाधानानं जाईल. मी शाळेत पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगतो, तरी सांगून राहिलो तुला."

कलाबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. "त्याचं खोटं नाही," त्या म्हणाल्या. "बुढीची इच्छा अडकून राहिली तर आपल्याच अंगावर येईन."

सरलाने काचेची कड उचलून कागद पाहिला. तांबूस धुरात एक कपाळ आलं होतं. डोळ्यांच्या जागी दोन खोल सावल्या. खालचं सगळं धुक्यात.

"हे काय हाय?" कलाबाई वाकून म्हणाल्या. "धूर हाय निस्ता."

"बाळ आहे," सरला म्हणाली. "तुमचा नातू आहे, आत्याबाई. माझ्यामुळं धुरात गेला. पण वंदनावहिनींचा नाही." मग ती थांबून म्हणाली, "आजीनं उद्या विचारलं, कोणासारखा दिसतो, तर मी काय सांगू?"

आतून देवकाबाईंनी हाक मारली. या वेळी गजूला नाही, रघुनाथला. मग जरा वेळाने पुन्हा, "गजू रे." ताप दारात आला होता.

कागद अजून कच्चा होता. तो हायपोत घालून, धुवून वाळवायला हवा होता. तोवर उजेड लागला तर काळा होत जाणार. सरला हे जाणून होती. तिने कागद पदराखाली घेतला आणि ती आत गेली.

देवकाबाईंची खाट दाराजवळ होती. सरलाने सांगितलं, "आजी, फोटो नीट निघाला नाही. माझी चूक झाली. धूर आल्यासारखं आहे."

"मले तरी कुठं सारं साफ दिसते," देवकाबाई म्हणाल्या. "आन इकडं."

त्यांनी कागद घेतला, डोळ्यांना लावावा इतका जवळ नेला, मग लांब केला. अंधुक दिसतं म्हणून दाराच्या उजेडाकडे कलवला. सरलाने हात पुढे केला आणि थांबवला. दारातून येणारा उजेड कागदावर पडला होता.

देवकाबाई बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांचं नख कागदावरून कपाळाच्या कडेने फिरलं, मग कानाकडे गेलं. गजानन काहीतरी बोलणार होता, कलाबाईंनी त्याला खुणेने गप्प केलं.

"कान रवीच्या बायकोच्या घरचा हाय," देवकाबाई म्हणाल्या. "आपल्यात असे नाहीत. कपाळ रघुनाथचं. असाच टेंगळासारखा होता पुढं. तेल लावून लावून बसवला मी." त्या पुन्हा जवळ नेऊन पाहू लागल्या. "काय वं सरला, मले अंधारून राहिलं का हा काळा होऊन राहिला?"

"कागद काळा होऊन राहिला, आजी. अजून कच्चा आहे. औषधात घातला की थांबेल. द्या, लवकर आणते."

"किती लवकर?"

सरला खरं बोलली. "तुमचा ताप चढायच्या आत होईल की नाही, माहीत नाही."

देवकाबाईंनी कागद सोडला नाही. "मंग राहू दे. हाय तोवर पाहून घेतो."

कलाबाईंनी उशाखालची डबी काढली. ती उघडून हातात धरली आणि त्या अडल्या. फुलं पणतूच्या हातून पडायची असतात, तो नसला तर त्याच्या आईच्या. इथे दोघंही नव्हती.

"सरलाले दे," देवकाबाई कागदावरची नजर न काढता म्हणाल्या. "तो का चालत आला इथं? हिनं आनला."

कलाबाईंचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी डबी सरलाच्या ओंजळीत पालथी केली. सरलाने ओंजळ देवकाबाईंच्या पांढऱ्या डोक्यावरून सोडली. एक फूल केसांत अडकलं, बाकीची गोधडीवर पडली.

कागदावर आधी कान गेला. मग डोळ्यांच्या सावल्या मोठ्या होत एकमेकींत मिसळल्या. कपाळ सर्वांत शेवटी राहिलं, एक फिकट गोल ठिपका, आणि तोही बुडाला. देवकाबाई तरी पाहत होत्या. सगळा कागद एकसारखा तांबडा-काळा झाल्यावर त्यांनी तो खाली घेतला आणि सरलाकडे दिला.

"हं. ठेव हा," त्या म्हणाल्या. "आता दुसरा काढ तुमच्यासाठी, सवडीनं. माहा पाहून झाला."